मदत हवी आहे: काकाजी लोकसभेला अपक्ष उभे राहत आहेत, सूचक अन् अंगठ्याचं कोणी सांगा

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचे काकाजी यंदाच्या (2024) लोकसभेला अपक्ष उभे राहत आहेत. घरच्यांनी लय समजावलं पण ते म्हणतात, "कापसाच्या भावावर अन् रानडुकरावर कोनी बोलत नाही त मीच बोलतो." मला त्यांचं पटते, म्हणून कागदपत्रं मीच पाहून राहिलो. आम्ही पांढरकवड्याकडचे, टिपेश्वर अभयारण्याच्या काठचं गाव. जिल्हा यवतमाळ, पण आमचा आर्णी विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत येते, त्यामुळे आमचं मतदान 19 एप्रिलला अन् यवतमाळ-वाशिमचं 26 ला. अर्ज 27 मार्चपर्यंत, 28 ला छाननी, मधात रविवार अन् धुळवड.

अपक्षाला 10 सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) लागतात हे माहीत आहे. आत्याचे दोघं पोरं यवतमाळला राहतात, तिथलेच मतदार आहेत, त्यांची सही चालते का? दुसरं, गावातले दोन बुजुर्ग अंगठा लावतात, काकाजीसाठी सगळ्यात आधी तेच उभे झाले, त्यांना वगळायचं मनात येत नाही. अन् अनामत कोणी 25 हजार सांगते कोणी साडेबारा, आम्ही गोंड (अनुसूचित जमातीचे) आहोत पण सीट ओपन आहे. छाननीत फॉर्म उडाला तर काकाजी खचून जातील हो, म्हणून नक्की माहीत असलेल्यांनीच सांगजा.

प्रतिसाद:
भाऊ, यवतमाळचे दोघं नाही चालणार, सूचक चंद्रपूर लोकसभेच्याच यादीतला पाहिजे. उमेदवाराचं नाव मात्र देशात कुठल्याही मतदारसंघात असलं तरी चालते. अंगठा चालते, पण घरी लावून आणलेला नाही, निवडणूक अधिकाऱ्यासमोर नाहीतर एसडीओ (उपविभागीय अधिकारी) दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर लावून साक्षांकित करून घ्या. दहाही जणांना चंद्रपूरला न्यायची गरज नाही, आत उमेदवार धरून पाचच जणांना सोडतात. अनामत साडेबारा हजारच, सीट ओपन असली तरी, जातीचा दाखला जोडा. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे, धुळवडीमुळे हे आजच करा. शपथपत्रात काकूंच्या नावची शेती, सोसायटीचं कर्ज सगळं लिहा अन् एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथं "निरंक" लिहा, कोरे रकाने भरून दिले नाही त अर्ज बाद होऊ शकते. अर्ज 26 लाच द्या, दुपारी 3 च्या आत.

मूळ धागाकर्ता:
लय उपकार झाले भाऊ. यवतमाळच्या दोघांऐवजी गावातलेच दोघं घेतो, अन् बुजुर्गांना आजच एसडीओ ऑफिसात नेतो. शपथपत्र साध्या कागदावर चालते की स्टॅम्प पेपर लागते, तेवढं सांगा.