खिशातल्या .३२ पिस्तुलात बदल करू का?

जिनिंगवाला चोपडा: भाऊ लोक, कापसाच्या सीझनमध्ये कॅश घेऊन फिरावं लागतं म्हणून लायसन्सवर .३२ चं अशनी पिस्तूल घेतलं. ट्रिगर फार जड लागतो, मागची कड कमरेला टोचते. एक लेथवाला म्हणतो स्प्रिंग कापून ट्रिगर हलका करून देतो, कडा पण घासून देतो, करू का?

रावेरचा केळीवाला: नको भाऊ, बिलकुल नको! खिशात ठेवायच्या पिस्तुलाचा ट्रिगर जडच पाहिजे, किल्ली नाहीतर रुमाल अडकला तर जड ट्रिगरच मांडी वाचवतो. आणि या छोट्या .३२ मध्ये स्लाइड (गोळी सुटल्यावर मागं सरकणारा वरचा भाग) फक्त स्प्रिंग अन् स्वतःच्या वजनावर थांबते, त्यामुळे रिकॉइल स्प्रिंगला (स्लाइड परत पुढं ढकलणारी) कोणी हात लावला तर स्लाइड जोरात मागे आपटून फ्रेमच (खालचा सांगाडा) खराब होईल. चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामा ठेव, ट्रिगर पूर्ण झाकणारं लेदरचं होल्स्टर (पिस्तुलाचं कव्हर) शिवून घे, टोचणं तिथंच थांबतं. नुसतं खिशात टाकू नको.

धुळेकर दादा: लेथवाल्याकडे तर जाऊच नको रे भो. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे रिपेअरसुद्धा लायसन्सवाल्यानंच करायचं असतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा आहे. आपल्याकडे सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात म्हणून पोलीस तसेही हत्यार बारकाईनं बघतात. ग्रिप बदलायची असली तरी आधी लायसन्सवाल्या डीलरला विचार.

जिनिंगवाला चोपडा: बरं, लेथ कॅन्सल. जळगावला चांगलं होल्स्टर कोण शिवतं?