मदत हवी आहे: एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर डावा पाय ताकदीत मागे पडलाय

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी खो-खो खेळते, वय १९. खांबाजवळ वळताना डावा गुडघा पिरगळला आणि एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) पूर्ण फाटलं. त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागचा स्नायू) ग्राफ्ट, म्हणजे कंडरेचा तुकडा, घेऊन शस्त्रक्रिया झाली, आता सातवा महिना चालू आहे. सूज नाही, गुडघा नीट वाकतो, सरळ होतो. फिजिओची सत्रं संपली, सध्या जिम चालू आहे.

काळजी ताकदीची आहे. वाटीच्या वर १० सेंमीवर टेप लावली की डावी मांडी २ सेंमीने बारीक भरते. लेग एक्स्टेंशनला (मशीनवर बसून गुडघा सरळ करत वजन उचलणं) उजव्या पायाने ३० किलो सहज, डाव्याने २० जेमतेम. दोन्ही पायांवरचा स्क्वॉट समोरून छान दिसतो, पण मागून व्हिडिओ काढला तर खाली जाताना कंबर उजवीकडे सरकते. म्हणजे डाव्याच्या वाटचं ओझं उजवाच उचलतोय. जिमचे सर म्हणतात, वजन वाढवत न्या, आपोआप बरोबरी होईल. मला ते पटत नाही. उजव्याचा व्यायाम काही दिवस बंदच ठेवावा का?

निवड चाचणी दीड महिन्यावर आली आहे. तिला नाही म्हणताना जिवावर येतं, पण गुडघा पुन्हा गेला तर? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी क्रीडा फिजिओ आहे. उजवा बंद करू नका. चांगल्या पायाच्या व्यायामाचा थोडा फायदा मज्जासंस्थेमार्फत कमजोर पायालाही होतो. क्रम मात्र बदला: आधी डावा, मग उजवा, आणि डाव्याने जितक्या वेळा जमलं तितक्याच वेळा उजव्याने. डाव्याला एक सेट जास्त. एका पायाचा लेग प्रेस, स्टेप-अप, स्प्लिट स्क्वॉट यांवर भर द्या. दोन पायांचा स्क्वॉट कंबर मधे राहील एवढ्याच वजनावर. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर वजन उतरवा.

डावा सध्या उजव्याच्या ६७ टक्क्यांच्या आसपास आहे. ताकद आणि एका पायावरची लांब उडी, दोन्हींत किमान ९० टक्के आल्याशिवाय आणि नऊ महिने उलटल्याशिवाय झेपा, वळणं नकोत. तेव्हा ही चाचणी सोडाच. उजवाही इतके महिने खेळापासून लांब आहे, म्हणून दुखापतीआधीचे आकडे असतील तर त्यांच्याशीही ताडून बघा.

हॅमस्ट्रिंगची ताकद मोजली आहे का? ग्राफ्ट तिथलाच आहे, लेग कर्लचे (गुडघा वाकवत वजन ओढण्याचे) दोन्ही पायांचे आकडे इथे टाका.