मधली केबिन मिळाली, मग काळजी कसली?

अभ्याससफरीला निघालेल्या भाचीला खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मिळाली म्हणून तुम्ही हळहळताय. अहो, नशीबवान आहे ती! हेलकावे टोकांना जास्त, मध्यावर सगळ्यात कमी. मला अगदी पुढची मिळाली होती. रात्रभर कपाटातले हँगर टकटक करायचे. शेवटी त्यांच्यामध्ये मोजे कोंबले तेव्हा कुठे डोळा लागला. उलटीची गोळी मळमळायच्या आधीच घ्यायला सांगा, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. त्रास झालाच तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं, पुस्तकात डोकं घालायचं नाही (अभ्याससफर असली तरी!). आणि सात छोटे, एक लांब भोंगा वाजला की लाइफजॅकेट घेऊन नेमलेल्या जागी जायचं, एवढं पहिल्याच दिवशी पाठ हवं.