अर्ध्या तासाच्या टीव्ही माहितीपटाला निकल्सचा कुठला मोड लावायचा?

धूसर_फ्रेम: माध्यम अभ्यासाच्या पेपरसाठी एका टीव्ही माहितीपटाचं विश्लेषण करायचं आहे. चित्रपट-अभ्यासक बिल निकल्सचे सहा मोड, म्हणजे माहितीपट मांडण्याच्या सहा पद्धती, वाचले, पण यात निवेदन आहे, मुलाखती आहेत आणि मधे चार मिनिटं कोणी काहीच न बोलता नुसतं काम चाललेलं दिसतं. मग हा निवेदनप्रधान (निवेदक मुद्दा सांगतो) म्हणू की निरीक्षणात्मक (कॅमेरा नुसता बघत राहतो)?

संकलन_टेबल: अख्ख्या माहितीपटाला एक नाव देऊ नका. मोड मिसळतात हे निकल्सलाही मान्य आहे. वरचष्मा कोणाचा, एवढंच ठरवायचं. दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, चित्र, आवाज, कॅमेऱ्याची दखल कोणी घेतं का. दर शॉटला एक ओळ. मग तोच तुकडा एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा चित्र झाकून ऐका. नुसतं ऐकूनही मुद्दा पूर्ण कळत असेल, तर चित्र निवेदनाला पुरावा म्हणून जोडलंय, म्हणजे तो भाग निवेदनप्रधान. तुमची ती चार मिनिटंही तपासा. खाली संगीत असेल तर प्रेक्षकाला काय वाटावं हे संकलकाने आधीच ठरवलेलं असतं.

चारशे_फूट: मोड म्हणजे नुसती दिग्दर्शकाची आवड नव्हे, त्यामागे यंत्रंही आहेत. १६ मिमी फिल्मचं ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमने जेमतेम ११ मिनिटं चालतं. खांद्यावर पेलणारा कॅमेरा आणि सोबत नेता येणारं ध्वनिमुद्रण यंत्र आल्यावर १९६० च्या सुमारास माणसांच्या मागे मागे फिरणं जमलं. अमेरिकी माहितीपटकार रॉबर्ट ड्र्यूच्या गटाने त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची केनेडी-हम्फ्री लढत अशीच टिपली, तरी त्यातही थोडं निवेदन आहेच! उलट फ्रान्समध्ये चित्रपटकार झाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एडगर मोराँ स्वतःच कॅमेऱ्यासमोर आले आणि सहभागी लोकांना चित्रण दाखवून त्यांच्याशी चर्चा केली. या दोन्हींना सरसकट 'सिनेमा व्हेरिते' म्हणू नका; ते नाव रूश-मोराँच्या पद्धतीचं, अमेरिकी पद्धत म्हणजे 'डायरेक्ट सिनेमा'. चित्रपट-अभ्यासक स्टेला ब्रुझीची टीकाही वाचा: निकल्सची मांडणी एकामागून एक टप्पे असल्यासारखी वाटते, पण निवेदन कधी संपलंच नाही.

धूसर_फ्रेम: आभार! मुलाखतीत बोलणाऱ्याचे हात किंवा खोली मधेच दाखवतात, त्याचं काय लिहू?

संकलन_टेबल: तो कटअवे. बहुतेक वेळा त्याखाली वाक्य कापलेलं असतं. कट उघडा ठेवला तर डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारताना दिसतं, म्हणून वर हाताचा शॉट घालतात. आवाजाचा सांधा कळू नये म्हणून रिकाम्या खोलीचा अर्धा-एक मिनिटाचा आवाज वेगळा घेतलेला असतो, तो खाली पसरतात. कान लावून ऐका: श्वास मधेच तुटतो किंवा वाक्याच्या शेवटी सूर खाली येत नाही, तिथे कापलंय. एकाच कॅमेऱ्यावर काम असेल तर प्रश्न विचारणाऱ्याचे शॉटही मुलाखत संपल्यावर पुन्हा घेतात.

चारशे_फूट: म्हणून लगेच 'फसवणूक' लिहू नका. ब्रिटिश माहितीपटाचा प्रवर्तक जॉन ग्रिअर्सन याने केलेल्या माहितीपटाच्या व्याख्येतच वास्तवाची सर्जक मांडणी आहे. खरा वाद प्रेक्षकाला काय सांगितलं यावर होतो. २०११ मध्ये बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' या निसर्गमालिकेतली ध्रुवीय अस्वलाची पिल्लं नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात चित्रित केली होती. रानातल्या गुहेत कॅमेरा नेला तर आई पिल्लांना मारू किंवा सोडून देऊ शकते, हे कारण पटण्यासारखं होतं. पण प्रसारणाच्या निवेदनात ते सांगितलं नव्हतं, म्हणून वादळ उठलं. तुमच्या तक्त्यात पाचवा रकाना वाढवा: हे चित्र कुठून आलं, ते माहितीपट स्वतः सांगतो का.