‘एब्ज ऑडिसी’ : ४१ कामगार सोडवले, तरी शेवटी एबला कोणी का वाचवले नाही?

प्रश्न : अंबडचा फिटर

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. धाकट्या भावाने त्याचा जुना संगणक माझ्याकडे ठेवला, त्यावर १९९७ साली आलेला ‘ऑडवर्ल्ड : एब्ज ऑडिसी’ हा खेळ होता. गेला महिनाभर दुसरी पाळी संपवून घरी आलो की जेवण झाल्यावर तासभर मी तोच खेळत होतो. परवा रात्री तो संपला, आणि तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यातून जात नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रप्चरफार्म्स नावाचा मांसावर प्रक्रिया करणारा अवाढव्य कारखाना आहे. मुडोकन प्रजातीचे गुलाम तिथे राबतात आणि एब हा त्यांच्यापैकीच एक, फरशी चकचकीत ठेवणारा. त्याचे ओठ टाक्यांनी शिवलेले आहेत. ज्या प्राण्यांच्या मांसावर धंदा चालत होता ते संपत आले म्हणून मालक मंडळी नवा माल बाजारात आणायचे ठरवतात, आणि तो माल म्हणजे खुद्द मुडोकन कामगार. एबला हे रात्री फरशी पुसताना बैठकीच्या खोलीबाहेरून कळते आणि तो पळ काढतो. त्याच्या हातात शस्त्र नाही आणि एका गोळीत त्याचा जीव जातो. सापळे, सुरुंग आणि पहारेकरी चुकवत, कोडी सोडवत त्याने स्वतः बाहेर पडायचे असते. जमेल तितक्या सोबत्यांनाही बाहेर काढायचे असते.

मी ९९ पैकी ४१ जणांना सोडवले. मला वाटले, हा आकडा काही वाईट नाही. पण शेवटी एब मांस कापण्याच्या यंत्रावर लटकलेला असताना ज्यांच्याकडून मदत येईल असे वाटत होते ते गप्प राहिले आणि त्याला यंत्रात पडू दिले. माझे नेमके काय चुकले, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. या खेळात विनोद ठासून भरलेला आहे. एबच्या बोलण्याच्या बटणांमध्ये ‘हॅलो’ आणि ‘माझ्या मागे ये’ यांच्या शेजारीच पादण्याचे बटण आहे, आणि ते दाबल्यावर एब स्वतःच खुदकन हसतो. मीही पहिले काही दिवस खूप हसलो. मग कारखान्यातले ते प्रकाशफलक दिसू लागले, ज्यांवर किती कामगार निसटले आणि किती मेले याची मोजदाद चालते, आणि माझे हसू थांबले. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे प्रवेशद्वाराशी एक हिरवा फलक होता : ‘अपघातविरहित दिवस’. एका पाळीत प्रेसवर आमच्या हेल्परचे बोट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम थांबून तो फलक पाहिला. आकडा एकाने वाढलेला होता. तो मुलगा कंत्राटदाराकडचा असल्यामुळे त्याची नोंद तिथे होत नाही, असे उत्तर मिळाले.

म्हणून जाणकारांना विचारतो, हा विनोद नेमका कोणाला हसतो आहे? कामगारांच्या मरणाला, की आणखी कशाला?

उत्तर १ : जुना खेळाडू, नाशिकरोड

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. निदान ५० मुडोकन सोडवले तरच चांगला शेवट मिळतो. त्याखाली आकडा राहिला तर एबने आपल्या माणसांची पर्वा केली नाही असे धरले जाते आणि तो मरतो. आपण फक्त ९ जणांनी मागे राहिलात. पन्नासचा हा आकडा खेळ आधी कुठेही सांगत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत बहुतेकांचे असेच होते. माझे १९९९ साली झाले होते, मित्राच्या घरी, प्लेस्टेशनवर.

आता माणसे कुठे निसटतात ते सांगतो. या खेळातला प्रत्येक पडदा स्थिर चित्रासारखा असतो. कडेला पोहोचलात की पुढचे चित्र येते. त्यामुळे जे चित्रात दिसत नाही ते नाहीच, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात अनेक गुप्त जागा अशाच कडांच्या पलीकडे आहेत. रस्ता संपल्यासारखा वाटला की काठाला लटकून खाली उतरून पाहा. सुरुवातीच्या भागात जे मागे राहतात त्यांच्याकडे परत फिरता येत नाही, आणि पुढे मंदिरांचा लांबलचक भाग ओलांडून एब पुन्हा कारखान्यात येतो तेव्हाही घाई केली तर तेच होते.

दुसरे म्हणजे, मुडोकनला आधी ‘हॅलो’ म्हणावे लागते. त्याने उत्तर दिले की मगच ‘माझ्या मागे ये’ ही आज्ञा तो पाळतो, आणि मागे येताना तो डोळे मिटून आल्यासारखा येतो. वाटेत फिरते पाते असेल आणि आपण त्याला ‘थांब’ म्हणायला विसरलात, तर तो पात्यात जातो. ही चूक मी इतक्या वेळा केली आहे की आता नव्या पडद्यावर पाऊल टाकण्याआधी माझे बोट आपोआप ‘थांब’च्या बटणावर जाते. आधी एकट्याने पुढे जा, पहारेकऱ्याची फेरी पाहा, पाते बंद करण्याची कळ शोधा, आणि मगच माणसाला न्यायला परत या.

स्लिग, म्हणजे ते यांत्रिक पायांचे बंदूकधारी पहारेकरी, झोपलेले असतील तर धावू नका, चवड्यांवर चाला. सावलीत उभे राहिलात तर त्यांना दिसत नाही. मंत्र म्हणून एब त्यांच्या शरीराचा ताबा घेऊ शकतो, त्यांच्याच बंदुकीने इतरांना टिपू शकतो. पण हवेत तरंगणारा तो गोळा जवळ असेल तर मंत्र सुरू करताच एबलाच झटका बसतो. सुरुंगांबाबत एवढेच सांगतो की हिरवा दिवा लागलेला असतानाच हात लावायचा. प्रत्येक सुरुंगाची लाल-हिरव्याची लय वेगळी असते. ती डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळते, म्हणून आवाज बंद ठेवून खेळू नका.

उत्तर २ : गंगापूर रोडची वाचक

फिटरदादा, आपला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्याविषयीच लिहिते.

हा खेळ ज्या विनोदावर उभा आहे तो मला तरी मरणाचा विनोद वाटत नाही, तो जाहिरातीच्या आणि हिशेबाच्या भाषेचा विनोद आहे. कारखान्याच्या मालाची नावे आठवून पाहा : स्क्रॅब केक्स, पॅरामाइट पाइज, मीच मंचीज. लहान मुलांच्या खाऊला शोभतील अशी ही नावे आहेत, आणि त्यांतली ‘मीच’ नावाची प्रजाती पूर्ण नामशेष झालेली आहे. नव्या मालाच्या फलकावर काडीला लावलेले मुडोकनचे डोके आहे. कोणीही रागावून, ओरडून क्रूर बोलत नाही. नफा घसरतो आहे, तेव्हा नवे काय विकता येईल, असा तो हिशेब शांतपणे मांडला जातो. आपल्याकडच्या त्या हिरव्या फलकावर आकडा वाढवणाऱ्या माणसानेही तो असाच शांतपणे वाढवला असेल. आपले हसू फलकापाशी थांबले, याचा अर्थ खेळाने आपल्याला जिथे आणायचे होते तिथे आणले, असे मी म्हणेन.

पादण्याच्या बटणाचे मात्र वेगळे आहे. ज्याचे तोंड शिवलेले आहे, ज्याला नाव विचारायलाही कोणी नाही, त्याला हसता येते आणि सोबत्याला हसवता येते, हे खेळ बनवणाऱ्यांनी जाणीवपूर्वक ठेवले आहे. तो विनोद कामगारांचा आपापसातला आहे, जेवणाच्या सुट्टीतला. एकाच खेळात हे दोन्ही विनोद शेजारी आहेत, पण त्यांना एकच समजू नये.

तुलनेसाठी दोन खेळ सांगते. प्लेडेड या कोपनहेगनच्या कंपनीचा ‘इनसाइड’ २०१६ साली आला. तिथेही माणसांना बाहुल्यांसारखे चालवणारी व्यवस्था आहे, तिथेही कोडी आणि उड्या आहेत, पण विनोद औषधालाही नाही. संपूर्ण खेळात एक शब्द बोलला जात नाही. व्हॉल्व्ह या कंपनीचा २००७ सालचा ‘पोर्टल’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात प्रयोगशाळा चालवणारे यंत्र गोड आवाजात केक देण्याचे आश्वासन देत आपल्याला एकेका जीवघेण्या चाचणीत ढकलते, आणि सोबतीला दिलेला ठोकळा आपल्याच हातांनी भट्टीत टाकायला लावते. ‘पोर्टल’ मला अतिशय आवडतो, पण तिथे आपण एकटे असतो. ‘एब्ज ऑडिसी’त आपल्या मागे चालणारा कोणीतरी असतो, त्यामुळे चूक झाली की ती त्याच्या अंगावर जाते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ खेळात एबला प्रत्येक हाताला चार बोटे होती. जपानमध्ये चार बोटे दाखवणे ही एका समाजाला उद्देशून केली जाणारी अपमानास्पद खूण मानली जाते. कत्तलखान्यात आणि चामड्याच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे त्या लोकांना अस्पृश्यासारखे वागवले गेले. कत्तलखान्यात राबणाऱ्या गुलामाच्या हाताला नेमकी चार बोटे असावीत, हे तिथे चालण्यासारखे नव्हते, म्हणून ती तीन केली गेली, आणि पुढच्या खेळांत एब तीन बोटांचाच राहिला. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे खेळू शकले नाही, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही हे परके वाटणार नाही. मेलेली जनावरे ओढण्याचे काम कोणाच्या वाट्याला येत होते आणि ते नाकारायला माणसांना किती झगडावे लागले, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

उत्तर ३ : शाळेतली बाई, पंचवटी

वरच्या उत्तरातले पुष्कळ पटले, तरी एका ठिकाणी माझा मतभेद आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो हाच खेळ खेळत होता आणि मी शेजारी बसून पाहत होते. त्याने एका मुडोकनला मुद्दाम पात्यात चालत नेले, कारण त्याचे तुकडे कसे उडतात ते त्याला पुन्हा पाहायचे होते. तो हसला. खेळाने त्याला त्या क्षणी थांबवले नाही. फलकावरचा मृतांचा आकडा एकाने वाढला, पण तो फलक त्याने वाचलाही नाही. जाहिरातीच्या भाषेचा विनोद कळायला त्या भाषेचा अनुभव लागतो. तो मोठ्यांना असतो, मुलांना नसतो. मुलांना दिसतात ते तुकडे. तेव्हा विनोद कोणाला हसतो आहे हे खेळणाऱ्याच्या वयावरही अवलंबून आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मी खेळ बंद केला नाही. मी त्याला एवढेच सांगितले की ज्याला तू नेतो आहेस त्याला आधी एक नाव दे. त्याने वर्गातल्या मित्रांची नावे द्यायला सुरुवात केली. त्यानंतर मात्र तो ‘थांब’ म्हणायला विसरला नाही, आणि एकदा चुकून एक गेला तेव्हा त्याने आपण होऊन मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली. शेवटच्या भागातली कोडी त्याला एकट्याला झेपत नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती कागदावर आराखडा काढून सोडवली.

उत्तर ४ : अंबडचा फिटर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे आणि बाईंचे विशेष.

आठ दिवसांत दुसरी फेरी सुरू करून मी पुन्हा कारखान्यात परतण्याच्या टप्प्यापर्यंत आलो आहे. बाईंची नाव देण्याची युक्ती मीही वापरली. पहिल्या फेरीत मी पडद्यावर आलो की धावत सुटायचो; या वेळी प्रत्येक पडद्यावर आधी उभा राहून पाहतो. एका ठिकाणी दोन सुरुंग, मध्ये एक स्लिग आणि पलीकडे फरशी घासत बसलेला एक मुडोकन, असा मामला होता. पहिल्या वेळी मी त्याला सोडून पुढे गेलो होतो, हे मला आठवत होते. या वेळी त्या एकासाठी मला पाऊण तास लागला. स्लिग पाठ फिरवतो आणि सुरुंग हिरवा होतो, हे दोन्ही एकाच वेळी जुळून यायला हवे होते, आणि ते मी शेवटी ओठांनी मोजून जुळवले, कारखान्यात प्रेसचा ठोका मोजतो तसे. तो ‘हॅलो’ला उत्तर देऊन चालू लागला तेव्हा घरातले सगळे झोपले होते, म्हणून मी आवाज न करता टाळी वाजवली.

जपानमधल्या बोटांची गोष्ट वाचून मला आमचा तो हेल्पर आठवला. तो आता सातपूरला एका गोदामात आहे असे कळले. त्याचा फोन क्रमांक मी मिळवला आहे. रविवारी त्याच्याकडे जाणार आहे.

एक शंका उरली आहे. या खेळानंतर १९९८ साली आलेला ‘एब्ज एक्सोडस’ आधी खेळावा, की २०१४ साली नव्याने तयार केलेला ‘न्यू अँड टेस्टी’?

उत्तर ५ : जुना खेळाडू, नाशिकरोड

‘एक्सोडस’ घ्या. त्यात सोडवायचे मुडोकन ३०० आहेत, पण अनेकांना एकाच हाकेत मागे बोलावता येते आणि हवे तिथे खेळ जतन करता येतो, त्यामुळे पाऊण तासाची मेहनत वाया जात नाही. त्यात काही मुडोकन आंधळे आहेत, काही आजारी, काही खचलेले. खचलेल्याशी आधी नीट बोलावे लागते, नाहीतर तो स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतो. ‘न्यू अँड टेस्टी’ दिसायला देखणा आहे, पण त्यात पडदा सरकत राहतो, आणि आपण आत्ता जी थांबून पाहण्याची सवय लावून घेतली आहे ती त्या स्थिर चित्रांतच मुरते.