पॉवर अ‍ॅम्प आधी घेऊ की प्रीअ‍ॅम्प? बजेट ६० हजार, सल्ला हवा

मिरजेची_जवारी

नमस्कार मंडळी. बाबांच्या मागे त्यांचा इंटिग्रेटेड (म्हणजे स्रोत निवडून आवाज कमीजास्त करणारा प्री आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर, दोन्ही एकाच डब्यात) अ‍ॅम्प माझ्याकडे आला. १९८९ सालचा, चॅनलला ४० वॅट. आत फोनो (रेकॉर्डचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आहे, आणि मागे प्री-आउट व मेन-इन, म्हणजे प्रीची बाहेरची व पॉवरची आतली जागा, जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन पट्ट्या आहेत. टर्नटेबलला एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, शिवाय गेल्या वर्षी घेतलेला डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा. स्पीकर बुकशेल्फ, ८६ डेसिबल, ८ ओम. खोली १२ बाय ११ फूट, बसते ती जागा स्पीकरपासून साधारण अडीच मीटर.

ऐकते ते जवळजवळ सगळं कंठसंगीत, त्यातही किराणा घराणं जास्त. वेळ रात्री दहानंतरची, आवाज बेताचाच, कारण शेजारी तान्हं बाळ आहे.

अडचण अशी की त्या हळू आवाजात गाणारा मध्ये बसतच नाही, उजवीकडे सरकतो. डावीकडचा तानपुरा तर जवळपास नाहीसाच होतो. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, लावताना कारागीर घोडीवर दोरा सरकवत तार छेडतात आणि कान देतात, ते लहानपणापासून बघत आलेय. त्यामुळे तानपुरा असा अर्धा ऐकवत नाही. आवाज वाढवला की सगळं जागेवर येतं. रेकॉर्ड लावली तर इतका त्रास होत नाही, पण हल्ली डॅकच जास्त लागतो.

दुकानदार म्हणाले, अ‍ॅम्प थकलाय, १०० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प घ्या आणि हा नुसता प्री म्हणून वापरा. मला वाटतं प्रीच वेगळा घ्यावा. आधी काय घेऊ?

ठाण्याचा_वूफर

पॉवर घ्या ताई. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट म्हणजे ओढाताण. मी ५० वरून १२० वर गेलो तेव्हा तबल्याची थाप पहिल्यांदा छातीत जाणवली. पट्ट्या काढायच्या, केबल लावायची, झालं.

लॅमिंग्टन_रोड

ताई, इतक्यात काहीच घेऊ नका. तुमचं एक वाक्य मी तीनदा वाचलं: रेकॉर्ड लावली तर त्रास होत नाही. उत्तर तिथंच आहे.

आधी वॅटचं बघू. ८६ डेसिबल म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८६. ४० वॅटला त्यात १६ मिळवा, १०२ झाले. अडीच मीटरवर ८ गेले, दोन स्पीकरचे ३ आले, म्हणजे ९७. तेही खोलीच्या भिंतींची मदत न धरता. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० लागतात, म्हणजे ताकद दहापट. तुम्ही रात्री जे ऐकता त्याला सरासरी एक वॅटही लागत नसणार. १९७८ सालचा एनएडी ३०२० कागदावर २० वॅटचाच होता, आणि त्यानं जगभर घराघरांतले स्पीकर उत्तम वाजवले. वूफरभाऊंना फरक जाणवला असेलच, पण त्यांचं ऐकणं मोठ्या आवाजातलं. तुमची तक्रार हळू आवाजातली आहे, आणि ती पॉवर अ‍ॅम्पनं जाणार नाही.

आता व्हॉल्यूमचं बघा. नॉबच्या मागे पॉट, म्हणजे बदलता रेझिस्टर, असतो; त्यात एकाच दांड्यावर कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डावीची, एक उजवीची. नॉब मधोमध असताना दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. अगदी सुरुवातीला उरलेला रेझिस्टन्स इतका थोडा असतो की तिथला बारीकसा फरकही दोन-तीन डेसिबलचा होतो, कधी त्याहून जास्त. म्हणून एक बाजू आधी जागी होते.

मग रेकॉर्डला का होत नाही? कार्ट्रिजमधून काही मिलिव्होल्ट निघतात, फोनोतून मोठे होऊन दोन-चारशे मिलिव्होल्ट होतात. तुमचा डॅक २ व्होल्टचा असणार. जुन्या इंटिग्रेटेडला पूर्ण ताकद द्यायला लाइन इनपुटवर १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. म्हणजे डॅक लावला की अ‍ॅम्पला हवं त्याच्या दहापट येतंय, २० डेसिबल जास्त. तुम्ही नॉब पार खाली धरून बसता, आणि पॉट नेमका तिथंच वाईट असतो. नॉबची खूण घड्याळाचा काटा धरून, डॅकवर ती किती वाजता असते आणि रेकॉर्डवर किती, ते बघून सांगा.

खात्रीसाठी डॅकच्या डाव्या-उजव्या पिना अ‍ॅम्पच्या टोकाला अदलाबदल करा. अशक्त बाजू बदलली तर दोष डॅकचा किंवा केबलचा. नाही बदलली तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या तारा बदला. मागच्या यू आकाराच्या पट्ट्याही काढून पुसून बसवा, त्यांच्यावर काळा थर चढतो. पण पट्ट्यांना हात लावाल तेव्हा अ‍ॅम्प बंदच हवा. आणि झाकण उघडू नका, आतले मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून असतात.

मिरजेची_जवारी

केलं सगळं. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, पुसल्या, फारसा फरक नाही. डॅकच्या पिना बदलल्या तरी डावीच अशक्त. स्पीकरच्या तारा बदलल्यावर मात्र उजवा स्पीकर अशक्त झाला. म्हणजे स्पीकर आणि डॅक सुटले. नॉब डॅकवर साडेआठला, रेकॉर्डवर अकराला.

लॅमिंग्टन_रोड

पॉटच आहे. पॉवर सेक्शन बिघडला असता तर अकरावरही कळलं असतं.

आजच्या रात्रीपुरतं, डॅकचा डिजिटल व्हॉल्यूम १२ डेसिबल खाली घ्या आणि नॉब वर करा. २४ बिटमधले दोन बिट जातील, ऐकू येणार नाही. पटलं तर कायमचा उपाय करा: प्रत्येक चॅनलच्या सिग्नल तारेत १० किलोओम, आणि तिथून ग्राउंडला ४.७ किलोओम. आवाज सुमारे १० डेसिबल उतरतो. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, दोन्ही बाजूंचे मीटरवर जुळवून निवडा, आणि जोड अ‍ॅम्पच्या टोकाशी ठेवा. सगळं मिळून शंभर-दोनशे रुपये.

कोथरूडची_नळी

एक भर घालतो, कारण प्री घ्यायचा विचार ताईंच्या मनात राहीलच. चांगल्या प्रीमध्ये पैसे जातात ते याच कामासाठी: कार्बनच्या पट्ट्यांऐवजी एकेका पायरीचे जुळवलेले रेझिस्टर किंवा रिले. त्यामुळे प्री घ्यावा ही तुमची शंका चुकीची नव्हती.

मात्र जोडी बघून घ्या. माझा घरी बांधलेला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) प्री १०० किलोओमच्या व्हॉल्व्ह पॉवरला सुंदर वाजायचा. मी तोच १० किलोओम इनपुटच्या क्लास डी प्रकारच्या पॉवरला जोडला आणि डग्ग्याचा घुमारा गेला. प्रीच्या आउटपुटला ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. १०० किलोओमसमोर तो ७ हर्ट्झला ३ डेसिबल सोडतो, १० किलोओमसमोर ७२ हर्ट्झला. महिनाभर मी स्पीकर भिंतीजवळ सरकवत बसलो होतो. पॉवरचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओममध्ये) प्रीच्या आउटपुट इंपिडन्सच्या निदान दहापट हवा, आणि व्हॉल्व्ह असेल तर तो कपॅसिटर केवढा आहे ते विचारूनच घ्या. चालू करताना प्री आधी, बंद करताना पॉवर आधी.

ठाण्याचा_वूफर

लॅमिंग्टनभाऊ, पटलं. मी ताईंच्या ऐकण्याच्या वेळेकडे लक्षच दिलं नव्हतं.

मिरजेची_जवारी

काल भावानं रेझिस्टर जोडून दिले. नॉब आता दहाच्या पुढे येतो. रात्री साडेदहाला नेहमीच्याच आवाजात लावलं. तानपुरा दोन्हीकडे सारखा, गायक मध्ये, आणि षड्ज लागल्यावर तारेतून उठणारा गंधार मला डॅकवर पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. बाबा असते तर त्यांना उठवलं असतं.

नॉब फिरवताना थोडी खरखर आहे. ६० हजार तसेच आहेत. आता त्यातून काही करू का?

लॅमिंग्टन_रोड

खरखरीसाठी जुने अ‍ॅम्प हाताळलेल्या माणसाकडून पॉट काँटॅक्ट क्लीनरनं धुऊन घ्या, किंवा नवा बसवून घ्या. त्याच फेरीत पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासायला सांगा, पस्तीस वर्षं झालीत त्यांना. आणि एक सांगा, कार्ट्रिजची सुई शेवटची कधी बदललीत?

मिरजेची_जवारी

बाबा असताना. दहा वर्षं तरी झाली.

लॅमिंग्टन_रोड

मग पहिला खर्च तोच. नवी सुई येईपर्यंत बाबांच्या रेकॉर्ड लावू नका.