घरं टेबलावर ठेवलेली दिसतात, गावातली वाटत नाहीत. काय करावं?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र दर रविवारी माझ्या माळ्यावर २८ मिमी उंचीच्या छोट्या शिपायांचा लढाईचा खेळ मांडतो. टेबल सहा बाय चार फुटांचं. यंदा साताऱ्याचा वेढा घेतलाय. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्याखाली येऊन बसला, तिथपासून एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडेपर्यंत. पायथ्याच्या गावासाठी सहा घरं केली आहेत. भिंती सनबोर्डच्या, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याच्या, छपरं लाल कौलांची. जमीन म्हणजे थर्माकोलवर तपकिरी रंग आणि हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा.

अडचण अशी की हातात घेतलं की घर छान दिसतं आणि टेबलावर ठेवलं की परकं होतं. भिंतीखाली एक काळी फट दिसते. ती झाकायला कडेनं हिरवा भुसा लावला, तर घराला झालर शिवल्यासारखी वाटायला लागली. तटाच्या तुकड्यांचंही तेच, कड्यावर नुसते टेकवलेले दिसतात. घरं कायमची चिकटवता येत नाहीत, कारण दर आठवड्याला मांडणी बदलते. छपरंही निघायला हवीत, आत शिपाई ठेवावे लागतात. फोटो जोडले आहेत. कुणी हे सोडवलं असेल तर सविस्तर सांगा.

कोयनाकाठ (कराड)

फट जाण्यासाठी आधी घराचा तळ काचेवर पॉलिश पेपर पसरून घासून घ्या. सनबोर्ड कापताना सुरी तिरकी जाते आणि एक कोपरा उचललेला राहतो.

आणखी एक, थर्माकोलवर स्प्रेचा रंग कधीही थेट मारू नका. त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. माझा दोन फुटांचा डोंगर असाच गेला, महिन्याभराचं काम होतं. आधी भिंतीच्या पाण्याच्या रंगाचे दोन हात द्या, फेविकॉल मिसळून, मग पुढचं.

परळीची लेक (सातारा)

विश्रामबागकर, तुमचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. दाराच्या चौकटी फार मनापासून केल्या आहेत. घरांत काही चुकलेलं नाही, चुकलाय तो क्रम. तुम्ही घर वेगळं केलंत, जमीन वेगळी केलीत आणि मग एक दुसऱ्यावर ठेवलंत.

माझं माहेर परळीचं, सज्जनगडाच्या पायथ्याचं. सातवीत असताना आमच्या आजोबांच्या घराची मागची भिंत पावसानं बसली. नवीन भिंतीसाठी माती कुठून आली? परसातूनच. तिथंच खड्डा काढला, तिथंच गवताचं भुसकट घालून चिखल तुडवला आणि थरावर थर चढवत भिंत घातली. वाळल्यावर भिंत आणि अंगण एकाच रंगाचं, भिंत जराशी उजळ इतकंच. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. घराचा रंग हा त्या पांढरीचा रंग. तुमच्या फोटोत जमीन चॉकलेटी आहे आणि भिंती पिवळ्या. त्या भिंतींची माती टेबलावर कुठंच नाही, म्हणून घरं बाहेरून आणून ठेवलेली वाटतात.

तेव्हा रंगाचा एकच डबा करा. जमिनीचा मूळ रंग तो. त्यातच थोडा पांढरा आणि पिवळा घातला की भिंत, आणखी पांढरा घातला की पायवाट, काळपट तपकिरी घातला की सावली. दुसरा डबा उघडायचाच नाही. मी तर खरीच माती वापरते. वस्त्रगाळ करायची, तव्यावर भाजून घ्यायची म्हणजे ओल आणि किडे जातात. मग फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून त्यात कालवायची. तीच जमिनीवर, तीच भिंतीच्या पायथ्याला.

आता जोत्याचं. घर थेट टेबलावर ठेवूच नका. प्रत्येक घराला त्याचं जोतं आणि अंगण करून द्या. घरापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठा तुकडा कापा, पण चौकोनी नको, कडा वेडीवाकडी असू दे आणि सुरीनं तासत तासत कागदाइतकी पातळ करा. घर या तुकड्याला कायमचं चिकटवा आणि सांध्यात मातीचा लगदा भरा. भिंतीखालची काळी रेघ तिथंच संपली. हलवायचा सांधा आता अंगणाच्या कडेला गेला. तो लपवायला जाऊ नका, जिथं खरोखरच रेघ असते तिथून न्या. अंगण आणि रस्ता, गोठा आणि उकिरडा, परसू आणि निवडुंगाचं कुंपण, या जागांवर गावातसुद्धा रेघ असते. तिथं सांधा आला तर तो सांधा वाटतच नाही.

गाव उतारावर असेल तर जमीन सपाट करू नका, जोतं कापा. आमच्याकडं घराला पुढून चार पायऱ्या चढून जायचं आणि मागच्या दारातून सरळ परसात पाऊल टाकायचं. पुढं उंच, मागं शून्य. एवढं केलंत तरी घर डोंगरात रुतेल.

आणि वळचण. तुमच्या सहाही घरांना वळचणच नाही! छप्पर भिंतीला लागून कापलंय. आपल्या मुलखात असं घर एक पावसाळा काढणार नाही. छप्पर भिंतीच्या पुढं दीड-दोन सेंटिमीटर येऊ द्या. पागोळ्या जिथं पडतात तिथं जमिनीत बारीक चर पडते, माती वाहून जाते आणि खडे उघडे पडतात. भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडतात ते साधारण हातभर उंचीपर्यंत. तुमच्या मापात म्हणजे १:५६ ला (खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाला) एक हात ८ मिमी. तेव्हा पातळ केलेली तीच माती जुन्या टूथब्रशनं उडवा, ८ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून सगळ्या घरांची तीच एक बाजू जास्त डागाळलेली ठेवा. सहा घरांवर पाऊस एकाच दिशेनं पडलेला दिसला की ती एका गावातली होतात. माझ्या मते रंगापेक्षाही याचा उपयोग जास्त होतो.

पण वेढा डिसेंबर ते एप्रिलचा आहे ना? मग एवढं हिरवं कुठून? फाल्गुनात आमचे डोंगर पिंगट असतात, गवत वाळून काडी झालेलं, कुठं कुठं वणव्यानं काळं पडलेलं. हिरवं ठेवायचं ते विहिरीपाशी आणि ओढ्याच्या कडेला, तेवढंच. बाकी भुसा गवताच्या काडीच्या रंगात रंगवा. भिंतीवरचे शिंतोडे मागच्या पावसाळ्याचे, म्हणून ते वाळून उजळलेले दाखवा.

शेवटचं. लाल चपटी कौलं काढाच. ती मंगलोरी कौलं, बासेल मिशननं मंगळुरात त्यांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. औरंगजेबाच्या वेळी ती असणं शक्य नाही. त्याआधी गवताचं शाकारलेलं छप्पर, कुंभाराच्या हातची नळीची कौलं, आणि पूर्वेला माण-खटावकडं पाऊस कमी म्हणून मातीचं धाबं. पायथ्याच्या गावाला मी गवतच घेईन. नारळाच्या शेंडीचे धागे मुठीत धरून एका मापात कापा आणि खालच्या ओळीपासून वर लावत जा. वळचणीला टोकं वेडीवाकडी सोडलीत की छपराचा निघणारा सांधाही झाकला जातो.

विश्रामबागकर (सांगली)

ताई, काय लिहिलंय तुम्ही! कौलांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी आमच्या गावचं घर डोळ्यांसमोर ठेवून केली होती. काल एका घराला जोतं करून पाहिलं. रंगाची गोष्ट शंभर टक्के खरी, एकाच डब्यातून केल्यावर घर लगेच बसलं. पण सकाळी पाहतो तर जोत्याच्या पातळ केलेल्या कडा वर वळल्या आहेत, टेबलापासून तीन मिमी. फट गेली घराखालून आणि आली अंगणाच्या कडेला. आणि तटाचं तेवढं राहिलं.

मिरजेची काळी (मिरज)

कडा वळणारच. वर ओला फेविकॉल आणि माती, खाली कोरडं. वरचा थर वाळताना आकसतो आणि कडा ओढून घेतो. उपाय सोपा आहे. ज्या दिवशी वर माती लावाल त्याच दिवशी खालच्या बाजूलाही फेविकॉल-पाण्याचा तेवढाच हात द्या, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. माती एकदम जाड थापू नका. पातळ थर, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन फरशा, रात्रभर. मग दुसरा थर.

मी जोत्याला सनबोर्ड सोडून ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, घेतो. कडा कानसीनं तासाव्या लागतात, वेळ जातो, पण वळत नाही. फक्त तासलेल्या कडेला रंग लावायचा राहू देऊ नका. आपल्याकडं जुलैत हवेतली ओल कडेतूनच शिरते आणि एमडीएफ फुगतं. वळलेला तुकडा टाकू नका, खालून पाण्याचा हात मारून वजनाखाली ठेवा, बराचसा सरळ होईल.

परळीची लेक (सातारा)

मिरजकरांचं ऐका, दोन्ही बाजूंचा हात मी द्यायला सांगायचं विसरले.

तटाचं तत्त्व तेच, फक्त मातीच्या जागी दगड. गडाच्या तटाचा दगड लांबून आणत नसत, तिथलाच खणून काढत. माथ्यावर पाण्याची टाकी दिसतात ना, त्यातल्या कितीतरी टाक्यांतूनच तो निघालेला असतो. म्हणून कडा आणि तट एकाच काळ्या दगडाचा हवा. काळा म्हणजे कोरा काळा रंग नव्हे. गडद राखाडी घ्या, त्यात तुमच्या डब्यातली माती चमचाभर मिसळा आणि कुठं कुठं तांबूस डाग द्या. आपला कातळ हवेनं तांबूस पडतो.

कडा कापताना सह्याद्रीच्या कड्यांकडे एकदा नीट बघून या. थरावर थर, आडवे, मध्ये गवताची पट्टी, पुन्हा उभा कातळ. थर्माकोलला उभ्या खाचा पाडल्यात तर तो आपला डोंगर राहत नाही. आडव्या पायऱ्या पाडा आणि तटाचा खालचा थर कातळाच्या वरच्या पायरीत मिमी-दोन मिमी आत बसवा. कातळ जिथं आत वळतो तिथं तटही वळवा. सरळ तट वाकड्या कड्यावर ठेवला की टेकवलेलाच दिसणार. सांध्यात चिमूटभर वाळकं गवत, पण सलग नको, दोन इंच सोडून एखादा झुबका.

खिंडार करणार असाल तर एक सांगते. प्रयागजी प्रभू किल्लेदार असताना मोगलांनी सुरुंग लावले, त्यातल्या दुसऱ्यानं तट बाहेरच्या अंगाला, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या त्यांच्याच लोकांवर कोसळला. तेव्हा दगडांचा ढीग बाहेर, उतारावर पडलेला हवा. मोठे दगड गडगडत सगळ्यात खाली जातात, बारीक चुरा वर तटापाशी राहतो. मी पहिल्यांदा हे उलटं केलं होतं आणि ढीग ट्रकमधून ओतल्यासारखा दिसत होता. सगळे दगड उचलून पुन्हा लावले.

सगळं मांडून झालं की डब्यातलाच सगळ्यात फिका रंग जवळजवळ कोरड्या, रुंद ब्रशवर घ्या आणि घरं, तट, कडा, जमीन, सगळ्यांवरून एका बैठकीत हलकेच फिरवा. वेगवेगळ्या दिवशी फिरवलात तर छटा बदलते.

विश्रामबागकर (सांगली)

वळलेलं जोतं खालून ओलं करून दोन फरशांखाली ठेवलंय. काथ्या आणलाय. कौलं आज उचकटली, सहापैकी चार घरांची निघाली, दोन घरांची भिंतीचा वरचा कागद घेऊन आली. त्या दोन घरांना आता छप्परच घालत नाही. वेढ्यातलं गाव आहे, जळलेली दोन घरं असू देत. ताई, जळलेल्या मातीच्या भिंतीचा रंग त्याच डब्यातून कसा काढायचा?

परळीची लेक (सातारा)

आतून काळी, बाहेरून दारा-खिडक्यांच्या वर जिभेसारखे धुराचे डाग. कोळसा वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशनं लावा, पाणी नको. आणि जिथं आच जास्त लागली तिथं माती भाजून विटेसारखी तांबडी होते, तेव्हा वळचणीच्या पट्ट्यात डब्यातल्या रंगात थोडी काव मिसळा. अर्धवट जळलेल्या वाशांना खराट्याच्या काड्या घ्या, टोकं मेणबत्तीवर खरंच जाळून. घर पुरतं वाळल्यावर आणि शेंडीचे धागे लांब ठेवून हे करा.